सौम्य कोविडचे आजारपण : रत्नागिरी जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

१. प्रश्नाचे स्वरूप

साथीच्या रोगांचा इतिहास प्रायः मृतांच्या संख्येवरून लिहिला जातो. मृत्यूची नोंद होते, दुखण्याची होतेच असे नाही. त्यामुळे हे एका परीने स्वाभाविकही आहे. जून १९१८ मध्ये मुंबई बंदरातून शिरलेली इन्फ्लुएंझाची पहिली लाट तुलनेने सौम्य होती. त्याच वर्षी पावसाळा सरताना आलेल्या दुसऱ्या लाटेने देशभरात एक कोटीहून अधिक माणसे नेली. दुसऱ्या लाटेतील मृत्यू सरकारी अहवालांत उतरले. परंतु पहिल्या लाटेत ज्यांना दोनचार दिवस ताप आला, ज्यांचे अंग मोडून आले, आणि जे पुन्हा गिरणीत वा शेतावर कामास लागले, त्यांच्या आजारपणाची दखल दप्तरांनी फारशी घेतली नाही. मराठीत अशा दुखण्यास फार अन्वर्थक शब्दप्रयोग आहे : ते दुखणे माणसाने ‘अंगावर काढले’. जे अंगावर काढले जाते ते कागदावर येत नाही.

कोविड-१९ च्या बाबतीत हीच गोष्ट दुसऱ्यांदा घडण्याचा संभव आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये चीनच्या रोगनियंत्रण केंद्राने ४४,६७२ निश्चित रुग्णांचा जो आढावा प्रसिद्ध केला, त्यात ८१ टक्के रुग्ण सौम्य गटातील होते. पुढे लसीकरण व पूर्वसंसर्ग यांमुळे हे प्रमाण आणखी वाढले. म्हणजे या साथीचा बहुसंख्यांना आलेला अनुभव सौम्य आजाराचा आहे. पण साथीविषयीच्या लेखनात मात्र अतिदक्षता विभाग, प्राणवायूची टंचाई आणि स्मशाने यांचेच चित्र प्रामुख्याने दिसते. ते चित्र खोटे नाही. ते अपुरे आहे. सौम्य आजाराचा अनुभव नेमका कशाने घडतो, रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात त्याला कोणते विशेष रूप आले, आणि संशोधनाचे साधन म्हणून त्याचा उपयोग कसा करावा, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२. ‘सौम्य’ या संज्ञेचा अर्थ

व्यवहारात आणि वैद्यकात ‘सौम्य’ हा शब्द एकाच अर्थाने वापरला जात नाही; बहुतेक गैरसमजांचे मूळ येथेच आहे. भारतातील वैद्यकीय मार्गदर्शक सूचनांनुसार ज्या रुग्णास ताप, खोकला, घसादुखी, पडसे, अंगदुखी यांसारखी लक्षणे आहेत, परंतु ज्याला धाप लागत नाही आणि ज्याच्या रक्तातील प्राणवायूचे प्रमाण घटलेले नाही, तो सौम्य रुग्ण होय. श्वासाची गती मिनिटास २४ वर गेली, किंवा प्राणवायूची पातळी ९० ते ९३ टक्क्यांच्या दरम्यान आली, की तो मध्यम गटात जातो. पातळी ९० च्या खाली उतरली की आजार तीव्र ठरतो.

या व्याख्येकडे बारकाईने पाहिले असता असे दिसते की तिचा सारा भर फुप्फुसांवर आहे. रुग्णाला वेदना किती झाल्या, तो किती दिवस अंथरुणास खिळून राहिला, त्याला भय किती वाटले, याचा विचार त्यात नाही, आणि तो असण्याचे प्रयोजनही नाही. रुग्णालयातील खाट व प्राणवायू कोणास द्यावयाचा हे ठरविण्यासाठी केलेले हे वर्गीकरण आहे. १०२ अंशांचा ताप, हाडे फुटल्यासारखी अंगदुखी आणि पाणीही कडू लागावे अशी तोंडाची अवस्था असलेला मनुष्य या वर्गीकरणानुसार ‘सौम्य’च राहतो. म्हणून एखादा अनुभव सांगणारा “मला सौम्य कोविड झाला होता, पण तसा त्रास कधीच झाला नव्हता” असे म्हणतो तेव्हा त्यात विसंगती नाही. पहिल्या उपवाक्यात तो डॉक्टरांची भाषा बोलतो, दुसऱ्यात स्वतःची.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. आजार सौम्य होता, हा निर्णय आजार संपल्यावर होतो. ज्या रुग्णांची प्रकृती बिघडली त्यांतील अनेकांची बिघडण्यास सुरुवात लक्षणे दिसू लागल्यानंतर साधारणपणे पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान झाली. त्यापूर्वी त्यांचा आजार आणि पुढे बरे झालेल्यांचा आजार यांत फरक करणे सहसा शक्य नव्हते. शिवाय काही रुग्णांत प्राणवायू धोक्याच्या पातळीपर्यंत उतरूनही धाप जाणवत नसे. तात्पर्य, तिसऱ्या दिवशी कोणीही निश्चितपणे ‘सौम्य रुग्ण’ नसतो. तो केवळ अद्याप न बिघडलेला रुग्ण असतो. बोटाला लावावयाचे लहानसे प्राणवायुमापक यंत्र, ते दर काही तासांनी लावून वहीत लिहिलेले आकडे, आणि सहा मिनिटे चालून पातळी उतरते की काय हे पाहण्याची चाचणी यांचे महत्त्व या अनिश्चिततेतून निर्माण झाले. सौम्य आजाराचे जे अनुभव आज सांगितले जातात ते शेवट ठाऊक झाल्यावर सांगितलेले आहेत. प्रत्यक्ष भोगताना तो शेवट ठाऊक नव्हता, हे अभ्यासकाने पदोपदी ध्यानात ठेवले पाहिजे.

३. शरीरात काय घडते

कोविडचा विषाणू पेशीच्या पृष्ठभागावरील ‘एस-२’ नावाच्या प्रथिनास चिकटून आत शिरतो. हे प्रथिन नाकाच्या अंतस्त्वचेत असल्याने संसर्गाचा आरंभ बहुधा नाकघशातच होतो. सौम्य संसर्गाचा क्रम अतिशय काटेकोरपणे पाहण्याचा एक प्रयोग ब्रिटनमध्ये २०२१ साली सुरू झाला व त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. १८ ते २९ वयाच्या निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात विषाणूचे अत्यल्प थेंब मुद्दाम सोडण्यात आले. विचारात घेतलेल्या ३४ जणांपैकी १८ जणांना संसर्ग झाला. विषाणू प्रथम घशात आढळला, नंतर नाकात. सुमारे पाचव्या दिवशी त्याचे प्रमाण सर्वाधिक झाले. १८ पैकी १६ जणांना पडसे, घसादुखी, डोकेदुखी, अंगदुखी अशी लक्षणे दिसली. गंधज्ञानात बिघाड होण्याचे प्रमाणही मोठे होते. कोणाचाही आजार तीव्र झाला नाही. या प्रयोगातील लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की लक्षणांची तीव्रता आणि विषाणूचे प्रमाण यांचा मेळ बसला नाही. ज्याला जवळजवळ काहीच त्रास झाला नाही त्याच्याही नाकात विषाणू विपुल असू शकत होता.

याचे कारण असे की ताप, कणकण, अंगदुखी ही लक्षणे बव्हंशी विषाणूच्या थेट आघाताची नसून शरीराने केलेल्या प्रतिकाराची असतात. संसर्ग झालेल्या पेशी जी रासायनिक द्रव्ये सोडतात त्यांच्यामुळे मेंदूतील तापनियंत्रक केंद्र शरीराचे उष्णतामान वाढविते. पहिल्या काही दिवसांत इंटरफेरॉन हे द्रव्य वेळेवर व पुरेसे निर्माण झाले, तर विषाणूचा प्रसार नाकघशापाशीच आवरला जातो. पुढे विशिष्ट प्रतिपिंडे आणि टी-पेशी आपले काम पूर्ण करतात. हा पहिला प्रतिकार दुबळा पडला तर विषाणू फुप्फुसांत खोल उतरतो, आणि उशिरा जागा झालेला प्रतिकारच ऊतींची हानी करू लागतो. वय, मधुमेह, स्थूलता यांमुळे ही शक्यता वाढते. लस आणि पूर्वसंसर्ग यांमुळे ती घटते. डिसेंबर २०२१ नंतर पसरलेला ओमिक्रॉन हा प्रकार फुप्फुसांपेक्षा वरच्या श्वसनमार्गात अधिक जोमाने वाढत असे. त्यामुळे जानेवारी २०२२ मधील अनुभवकथनांत घसा प्रमुख असतो, तर २०२० मधील कथनांत वास व चव.

या विवेचनाचा उपचारांशीही निकटचा संबंध आहे. प्रतिकार दडपणारी डेक्सामिथासोनसारखी स्टेरॉइड औषधे प्राणवायूची गरज असलेल्या रुग्णांचे प्राण वाचवितात, हे ब्रिटनमधील मोठ्या चाचणीने जून २०२० मध्ये दाखविले. त्याच चाचणीत प्राणवायूची गरज नसलेल्यांना त्यांचा लाभ झाला नाही, आणि हानीची शंका मात्र राहिली. असे असूनही २०२१ च्या दुसऱ्या लाटेत सौम्य रुग्णांना ही औषधे सर्रास दिली गेली. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि आयव्हरमेक्टिन ही औषधेही सप्टेंबर २०२१ मध्ये राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतून वगळण्यात आली. सौम्य रुग्ण बहुधा कोणत्याही उपचाराने बरा होतो, कारण तो उपचाराविनाही बरा होणार असतो. “अमुक घेतले आणि तिसऱ्या दिवशी ताप गेला” हे विधान घटनाक्रम म्हणून खरे असते, कार्यकारणभाव म्हणून ते काहीच सिद्ध करीत नाही. काढा, वाफारा, गवती चहा, सुंठ, उकड्या तांदळाची पेज यांविषयीच्या कथनांना हाच नियम लागू आहे. पेजेने पोटात काही जाते आणि पाणी जाते, एवढे खरे. तापलेल्या शरीरास या दोहोंचीच गरज असते.

४. रत्नागिरी : एक आजार, तीन अनुभव

रत्नागिरी जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १६,१५,०६९ असून दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या ११०० हून अधिक आहे. या एका आकड्यात जिल्ह्याच्या समाजरचनेचे सार आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून येथील कर्ता पुरुष मुंबईस, आणि म्हातारी माणसे, स्त्रिया व मुले गावी, अशी घरे दोन ठिकाणी विभागलेली आहेत. १८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवला तेव्हा आणि २०२० साली कोविड पसरला तेव्हाही, चाकरमान्यांनी गावाची वाट धरली. फेब्रुवारी १८९७ मध्ये प्लेगसाठी झालेला साथरोग कायदाच मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात पुन्हा लागू करण्यात आला, हा निव्वळ योगायोग नव्हे.

जिल्ह्यातील पहिला रुग्ण मार्च २०२० च्या मध्यास गुहागर तालुक्यात आढळला; तो संसर्ग परदेशप्रवासातून आलेला होता. त्यानंतर सौम्य आजाराचा अनुभव तीन टप्प्यांत बदलत गेला. वैद्यकीय व्याख्या जवळजवळ तीच राहिली. बदलली ती रुग्णाची सामाजिक अवस्था.

पहिला टप्पा २०२० चा. आरंभी घशातील स्रावाचे नमुने तपासणीसाठी मिरजेस पाठवावे लागत. रत्नागिरीत जिल्हा रुग्णालयात स्वतंत्र प्रयोगशाळा सुरू झाली ती जून २०२० मध्ये. तोपर्यंत अहवालाची प्रतीक्षा हा आजारपणाचाच एक भाग होता. ताप उतरून जाई, अहवाल यावयाचा असे. मे २०२० पूर्वीच्या नियमानुसार घरी सोडण्यासाठी चोवीस तासांच्या अंतराने केलेल्या दोन तपासण्या निर्दोष याव्या लागत. त्यामुळे ज्याला एकही लक्षण नाही असा मनुष्यही आठवडेच्या आठवडे रुग्णालयात राही. ८ मे २०२० रोजी धोरण बदलले, आणि लक्षणांपासून दहा दिवस झाले व शेवटचे तीन दिवस ताप नसला तर सौम्य रुग्णास पुन्हा तपासणी न करता घरी सोडावे असे ठरले. हा बदल शास्त्रीय दृष्ट्या योग्य होता. निर्जीव विषाणूचे अवशेष कित्येक आठवडे तपासणीत दिसत राहतात, पण त्यांपासून संसर्ग होत नाही. तथापि ‘निगेटिव्ह’ हा शब्द ऐकल्यावाचून घरी परतलेल्या माणसाकडे वाडीने कोणत्या नजरेने पाहिले असेल, याची कल्पना करता येते.

याच काळात मुंबईहून आलेल्यांना गावोगावच्या शाळांतून किंवा घरातील स्वतंत्र खोलीत चौदा दिवस ठेवण्याची व्यवस्था ग्राम कृती दलांकडे होती. २२ ऑगस्ट २०२० च्या गणेशचतुर्थीस येणाऱ्यांसाठी राज्य सरकारने ही मुदत दहा दिवसांवर आणली. येथे दोन संज्ञांतील भेद स्पष्ट केला पाहिजे. रोग झालेल्यास वेगळे ठेवणे हे विलगीकरण. रोग होण्याचा संभव असलेल्यास वेगळे ठेवणे हे अलगीकरण. शासकीय मराठीतही या शब्दांची सरमिसळ झाली, आणि बोलीत दोहोंसाठी ‘क्वारंटाइन’ हा एकच शब्द रूढ झाला. परिणामी आज एखादा मनुष्य “मी शाळेत चौदा दिवस होतो” असे सांगतो तेव्हा तो आजारी होता की केवळ मुंबईहून आला होता, हे स्वतंत्रपणे विचारावे लागते. अनुभव सांगणाऱ्याच्या स्मृतीत ही दोन्ही एकाच प्रकारच्या दूर ठेवले जाण्याची रूपे असतात.

दुसरा टप्पा २०२१ च्या दुसऱ्या लाटेचा. या वेळी सौम्य रुग्ण बहुतांशी घरीच होते. परंतु २५ मे २०२१ रोजी राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनी रुग्णसंख्या अधिक असलेल्या १८ जिल्ह्यांत गृहविलगीकरण बंद करून रुग्णांना कोविड केंद्रात दाखल करावे असे जाहीर केले. त्या जिल्ह्यांत रत्नागिरी होता. या निर्णयामागील तर्क सरळ होता : घरात स्वतंत्र खोली व स्वतंत्र शौचालय नसेल तर एक रुग्ण सर्व कुटुंबास संसर्ग देतो, आणि ज्या घरात म्हातारी माणसे अधिक तेथे हा धोका अधिक. कोकणातील घराला पडवी असते, ओटी असते, माजघर असते. पण ही दालने एकमेकांत उघडणारी असून न्हाणीघर सर्वांचे एक असते. पडवीवर झोपलेला रुग्ण दृष्टीने वेगळा असतो, हवेने नव्हे. उलट पक्षी, केंद्रात जावे लागेल या भयाने बारीक ताप लपविण्याकडे व तपासणी टाळण्याकडे प्रवृत्ती होण्याचा धोकाही तितकाच खरा होता. चाराचौघांदेखत रुग्णवाहिका दारात येणे ही ज्या वाडीत महिनोन्‌महिने बोलली जाणारी घटना असते, तेथे सौम्य रुग्णाला आजारापेक्षा बोभाट्याचे भय अधिक वाटणे अशक्य नाही. हा प्रश्न केवळ ऐतिहासिक नाही. पुढील साथीत कोणाला घरी ठेवावे आणि कोणाला हलवावे, हे ठरविताना तो पुन्हा उभा राहणार आहे, आणि त्याचे उत्तर रुग्णसंख्येच्या तक्त्यांत सापडणार नाही.

याच सुमारास, जून २०२१ मध्ये, राज्यात ‘डेल्टा प्लस’ या विषाणुप्रकाराचे पहिले २१ रुग्ण जाहीर झाले. त्यांपैकी ९ रत्नागिरी जिल्ह्यातील होते. विषाणूचा प्रकार आणि आजाराची तीव्रता या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. नव्या प्रकाराचा संसर्ग होऊनही आजार सौम्य असू शकतो. परंतु नवे नाव मिळाले की भय नव्याने सुरू होते, आणि बरा झालेला मनुष्यही लोकांच्या लेखी पुन्हा रोगी ठरतो.

तिसरा टप्पा जानेवारी २०२२ नंतरचा. गृहविलगीकरणाची मुदत सात दिवसांवर आली. पुण्यातील मायलॅब या संस्थेच्या घरच्या घरी वापरावयाच्या चाचणीसंचास मे २०२१ मध्येच मान्यता मिळाली होती. आता अशा संचांचा वापर वाढला. लस घेतलेल्या माणसास दोनतीन दिवस घसा धरणे व अंग दुखणे एवढ्यावर आजार आटोपू लागला, आणि कोविड पुन्हा ‘अंगावर काढण्याच्या’ दुखण्यांत जमा झाला. नोंदींच्या दृष्टीने पाहता हा टप्पा सर्वांत अंधुक आहे.

५. गंध आणि चव

सौम्य कोविडच्या कथनांत जो अनुभव सर्वाधिक तपशिलाने सांगितला जातो तो वास नाहीसा होण्याचा. ताप, खोकला, अंगदुखी ही लक्षणे पूर्वपरिचित असतात. त्यांच्यासाठी भाषा तयार असते. नाक मोकळे असून वास न येणे हा बहुतेकांच्या आयुष्यातील पहिलाच अनुभव होता. जून २०२० मध्ये भारतातील अधिकृत लक्षणांच्या यादीत वास व चव जाण्याचा समावेश झाला. तोपर्यंत अनेकांनी तो पडशाचा परिणाम मानला असल्यास नवल नाही.

याची कारणमीमांसा आता पुष्कळशी स्पष्ट झाली आहे. वास ओळखणाऱ्या मज्जापेशींवर ‘एस-२’ हे प्रथिन जवळजवळ नसते. ते त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींवर असते. विषाणू या आधारपेशींचा नाश करतो, त्यांच्यावाचून मज्जापेशींचे काम थांबते. आधारपेशी लवकर पुन्हा निर्माण होत असल्याने बहुतेकांचा वास काही आठवड्यांत परत येतो. जिभेची चव गेली असे जे वाटते त्याचाही मोठा भाग वास जाण्याचाच असतो. कारण गोड, आंबट, खारट, कडू यांसारख्या मूळ चवींपलीकडील बहुतेक स्वाद नाकानेच कळतो. आमसुलाच्या कढीचा आंबटपणा लागतो, पण कढी लागत नाही, असे वर्णन या दृष्टीने अत्यंत अचूक म्हणावे लागेल. काहींच्या बाबतीत वास परततो तो विपरीत होऊन : कांदा, कॉफी, तळण यांचा वास कुजका वा जळका येऊ लागतो. नव्याने जोडल्या जाणाऱ्या मज्जातंतूंची व्यवस्था पूर्ववत न झाल्याचे हे चिन्ह मानले जाते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणानुसार गंधज्ञान गेलेल्यांपैकी सुमारे ५.६ टक्क्यांत सहा महिन्यांनंतरही बिघाड राहिला होता.

ही हानी क्षुल्लक आहे असे समजण्याचा प्रघात आहे. परंतु स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीला फोडणी जळल्याचे कळत नाही, गॅस सुटल्याचे कळत नाही, सुके बोंबील वा जवळा खराब झाल्याचे कळत नाही. आणि आंबा पिकला की नाही हे ज्या जिल्ह्यात देठापाशी नाक नेऊन ठरवितात, तेथे एप्रिल-मे २०२१ मध्ये वास गेलेल्या माणसाच्या हातून त्याच्या नित्याच्या जाणतेपणाचा एक भागच गेला. व्याधीच्या श्रेणीत जे सौम्य आहे ते व्यवहारात सौम्य असतेच असे नाही, याचे हे उत्तम उदाहरण होय.

६. बरे होणे म्हणजे काय

दुखणे हत्तीच्या पावलांनी येते आणि मुंगीच्या पावलांनी जाते, ही म्हण कोविडच्या सौम्य आजाराला चपखल लागू पडते. ‘बरे होणे’ या शब्दाचे निदान तीन अर्थ येथे वेगळे केले पाहिजेत. पहिला, संसर्ग देण्याची शक्यता संपणे. हे सौम्य रुग्णात साधारणतः दहा दिवसांत होते. दुसरा, लक्षणे नाहीशी होणे. बहुतेकांत यास एक ते दोन आठवडे लागतात, खोकला व थकवा मात्र अधिक रेंगाळतात. तिसरा, पूर्वीची कार्यशक्ती परत येणे. याला कोणतीही शासकीय मुदत नाही. सुटीचा दाखला पहिल्या अर्थावर मिळतो, घरच्यांची अपेक्षा दुसऱ्या अर्थावर असते, आणि रुग्ण स्वतः तिसऱ्या अर्थाची वाट पाहत असतो. सौम्य आजारानंतरच्या कित्येक तक्रारींचे मूळ या तीन घड्याळांच्या विसंवादात आहे. भातलावणीस उभे राहिल्यावर अर्ध्या वाफ्यातच दम लागला, घाटी चढताना दोनदा बसावे लागले, हिशेब करताना आकडे निसटू लागले, अशा प्रकारचे कथन तिसऱ्या घड्याळाविषयीचे असते.

ज्यांची लक्षणे दीर्घकाळ टिकली त्यांच्या अवस्थेस ‘लाँग कोविड’ हे नाव मे २०२० मध्ये एका रुग्ण असलेल्या महिला अभ्यासकाने दिले, आणि ते इतर रुग्णांनी प्रचारात आणले. जागतिक आरोग्य संघटनेने तिची व्याख्या केली ती ऑक्टोबर २०२१ मध्ये : आजाराच्या आरंभापासून सामान्यतः तीन महिन्यांनी आढळणारी, किमान दोन महिने टिकणारी आणि अन्य निदानाने उलगडा न होणारी लक्षणे, त्यांत थकवा, धाप आणि विचारशक्तीतील मांद्य ही प्रमुख. तीव्र आजार झालेल्यांत ही अवस्था उद्भवण्याचे प्रमाण अधिक असते. परंतु सौम्य रुग्णांची एकूण संख्याच इतकी प्रचंड आहे की लाँग कोविडच्या रुग्णांपैकी बहुसंख्यांचा मूळ आजार सौम्य होता. संसर्ग झालेल्या शंभरांपैकी सुमारे सहा जणांना ही अवस्था प्राप्त होते, असा अंदाज आहे. सौम्य आजाराच्या अनुभवकथनाला शास्त्रीय मूल्य आहे याचा याहून स्पष्ट पुरावा देता येणार नाही. येथे व्याधीची ओळख प्रयोगशाळेत प्रथम झाली नाही. ती रुग्णांच्या सांगण्यातून झाली, आणि प्रयोगशाळा मागाहून तिच्याकडे वळली.

७. अनुभवकथन : मूल्य आणि मर्यादा

अनुभवकथनांची गरज आकड्यांवरूनही सिद्ध होते. जून-जुलै २०२१ मध्ये झालेल्या चौथ्या राष्ट्रीय प्रतिपिंड-सर्वेक्षणात सहा वर्षांवरील ६७.६ टक्के लोकांच्या रक्तात कोविडविरोधी प्रतिपिंडे आढळली. महाराष्ट्रासाठी हा आकडा ५८ टक्के होता. लस न घेतलेल्यांतही राष्ट्रीय प्रमाण ६० टक्क्यांहून अधिक होते. त्या वेळी देशातील नोंदलेले रुग्ण सुमारे ३.१ कोटी, म्हणजे लोकसंख्येच्या सव्वादोन टक्क्यांच्या आसपास होते. नोंदलेल्या एका रुग्णामागे वीसपंचवीस संसर्ग अनोळखी राहिले असा याचा अर्थ होतो, आणि ते बहुतेक सौम्य वा लक्षणरहित होते. ही माणसे दप्तरात नाहीत. ती फक्त स्वतःच्या आठवणीत आहेत.

तथापि आठवण हे साधन जपून वापरावे लागते. पहिली अडचण निदानाची. कोकणात पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस, डेंग्यू व हिवताप यांचेही रुग्ण असतात. तपासणी न झालेला २०२० किंवा २०२१ मधील प्रत्येक ताप कोविडचा समजणे चुकीचे ठरेल. वास गेल्याचा उल्लेख असल्यास संभव बळावतो, एवढेच म्हणता येईल. दुसरी अडचण कालनिश्चितीची. माणसे तारखा विसरतात, प्रसंग विसरत नाहीत. ३ जून २०२० चे निसर्ग चक्रीवादळ, मे २०२१ च्या मध्यास किनाऱ्यालगत गेलेले तौक्ते चक्रीवादळ, २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा महापूर, त्या त्या वर्षीचा शिमगा आणि गणपती हे या जिल्ह्यात कालनिश्चितीचे भक्कम टेकू आहेत. परंतु “वादळाच्या आधी” असे उत्तर आले तर कोणत्या वादळाच्या, हे विचारले पाहिजे. दापोली-मंडणगडकडील मनुष्याच्या मनात बहुधा पहिले असेल, दक्षिणेकडील राजापूरच्या मनात दुसरे. या एका प्रश्नाने आजार पहिल्या लाटेतील की दुसऱ्या, आणि लसीकरणाच्या आधीचा की नंतरचा, हे ठरते.

तिसरी अडचण कथनाच्या साच्याची. वारंवार सांगितल्याने अनुभवाला ठरावीक रूप येते : लागण कोणाकडून झाली, अहवाल कधी आला, काय घेतले, कसे बरे वाटले. या साच्यात न बसणाऱ्या गोष्टी गळून जातात. जेवण दाराबाहेर कोणी ठेवले, गुरांना पाणी कोणी घातले, शेजारच्या घरातून काय आले आणि काय येईनासे झाले, बरे झाल्यावर प्रथम कोणाच्या घरी पाय ठेवला, हे प्रश्न विचारल्यावाचून त्यांची उत्तरे मिळत नाहीत. विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत हे ध्यानात घेतले पाहिजे. घरातील रुग्णाची शुश्रूषा करताना स्वतःस आलेला ताप अनेक स्त्रिया आजार म्हणून मोजतच नाहीत. “मला काही झाले नाही” या उत्तरापाशी मुलाखत थांबविणारा अभ्यासक जिल्ह्यातील बहुसंख्य लोकसंख्येचा अनुभव गमावून बसेल.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी आंतरराष्ट्रीय आरोग्य-आणीबाणी समाप्त झाल्याचे जाहीर केले. विषाणू त्यानंतरही राहिला. क्षीण झाली ती तपासणीची व नोंदीची यंत्रणा. या स्थितीत रत्नागिरीच्या नऊ तालुक्यांपैकी निदान एकेका वाडीतील अनुभव, वरील सावधगिरी पाळून, वय, लसीची स्थिती, लक्षणांचा दिवसवार क्रम, विलगीकरणाची जागा आणि पूर्ववत काम करू लागल्याचा दिवस या पाच बाबींसह नोंदविले गेल्यास त्यांतून दोन गोष्टी साधतील. गृहविलगीकरण आणि कोविड केंद्र यांपैकी कोणती व्यवस्था विखुरलेल्या वाड्यांच्या प्रदेशास अधिक मानवते, याविषयी अनुभवाधिष्ठित मत देता येईल. आणि ज्यांचा थकवा वा गंधदोष अद्याप टिकून आहे त्यांची ओळख पटून त्यांना वैद्यकीय सल्ल्याकडे वळविता येईल. १९१८ सालच्या सौम्य रुग्णांना प्रश्न विचारण्याची संधी कोणी घेतली नाही. २०२० ते २०२२ मधील बहुसंख्य सौम्य रुग्ण आज हयात आहेत, आणि त्यांची आठवण दरवर्षी थोडी थोडी पुसट होत आहे.